विश्लेषण : कपाशीच्या पाकिटावरचे ‘दिवस’ नेमके काय सांगतात?

मे महिना सरत आला की कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘किती दिवसांचा वाण आहे?’ कुठल्या पाकिटावर १४० ते १५० दिवस लिहिलेले असते, कुठल्यावर १६० ते १७०. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी पोखरली, तेव्हापासून ‘कमी कालावधीचा वाण निवडा’ हा सल्ला कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था देत आली आहे. तरीही डिसेंबरपर्यंत हिरवी राहणारी, पुन्हा बहर धरणारी पऱ्हाटी अनेकांना सोडवत नाही. त्यामागे हट्ट कमी आणि हिशेब जास्त आहे. हा हिशेब समजून घ्यायचा तर पाकिटावरच्या दिवसांच्या मागे जाऊन कपाशी केव्हा फुलते आणि तिचे फुलणे केव्हा थांबते, हे पाहावे लागते.

दिवस मोजायचे कुठून कुठपर्यंत?

सोयाबीन किंवा ज्वारी ठरावीक काळात फुलते, दाणा भरते आणि वाळते. कपाशीचे तसे नाही. ती मुळात अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. शेतकरी तिला वार्षिक पिकासारखी वागवतो, पण पाणी आणि ऊब मिळत राहिली तर ती वाढतच राहते. शेंडा वर जातो, नवी फांदी येते, फांदीवर नवे पाते लागते. त्यामुळे ‘हे पीक संपले’ असे झाड स्वतःहून सहसा सांगत नाही.

आज देशात सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीचे रानटी पूर्वज दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नसत. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करत दिवसाच्या लांबीवरचे हे अवलंबित्व जवळपास काढून टाकले. आताचे वाण जूनमध्ये पेरले काय किंवा एप्रिलमध्ये पेरले काय, ठरावीक ऊब मिळाली की पाते धरतात. म्हणूनच ‘दिवस’ हा आकडा ठोस नसतो. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली कपाशीची वाढ जवळपास थांबते, त्याच्या वर मिळणारी ऊब रोज जमा होत जाते आणि झाड त्या जमेवर पुढे सरकते. हलक्या, मुरमाड रानात १५० दिवसांत आटोपणारा तोच वाण भारी काळ्या जमिनीत दोन पाणी मिळाल्यावर पावणेदोनशे दिवस चालू शकतो. पाकिटावरचा आकडा खोटा नसतो, पण तो कुठल्या जमिनीतला हे पाकिटावर नसते.

संशोधन केंद्रांवर वाणाचा लवकरपणा ठरवताना अधिक नेमकी मोजमापे वापरतात. निम्म्या झाडांवर पहिले फूल दिसायला किती दिवस लागले आणि एकूण कापसापैकी किती हिस्सा पहिल्या वेचणीत आला, ही त्यातली दोन.

पाते, फूल, बोंड : वेळापत्रक कसे चालते?

१५ जूनच्या आसपास टोबणी झाली असे धरू. साधारण ३५ ते ४५ दिवसांनी, म्हणजे जुलैच्या अखेरीस, पहिली पाती दिसतात. पात्याचे फूल व्हायला आणखी तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिले फूल ऑगस्टच्या मध्यावर. फूल पहिल्या दिवशी दुधाळ-पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग गळून पडते. मागे राहते ते इवलेसे बोंड. ते फुटायला ४५ ते ५५ दिवस लागतात आणि थंडीच्या दिवसांत त्याहून जास्त. पहिला कापूस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिसतो तो या हिशेबाने. विदर्भात पहिल्या वेचणीला सीतादही घालण्याची रीत आहे, तीही याच सुमारास येते.

मात्र एका झाडावरची सगळी फुले एकदम येत नाहीत. खालच्या फळफांदीवर पहिले फूल उमलले की तिच्या वरच्या फांदीवरचे पहिले फूल सुमारे तीन दिवसांनी उमलते. त्याच फांदीवरचे दुसरे फूल मात्र सहाएक दिवस घेते. झाडाला बारा फळफांद्या असतील तर खोडाजवळची फुले खालून वर जायला सव्वा महिना लागतो, वीस असतील तर दोन महिने. वाण लवकरचा की उशिराचा, यातला मोठा फरक इथे पडतो. उशिराच्या वाणाचे पहिले फूल आठ-दहा दिवस मागे असते, पण त्याचे शेवटचे फूल महिनाभर मागे असू शकते.

लागलेली सगळी पाती टिकत नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. निम्म्याहून अधिक पाती आणि कोवळी बोंडे गळणे हे कपाशीत नेहमीचेच. पात्यांचा सडा पाहून घाईने फवारणी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यातल्या बऱ्याच फवारण्या पोसू न शकणारा भार झाड स्वतःच टाकत असताना होतात.

लवकर येणारे झाड ओळखायचे कसे?

कपाशीला दोन प्रकारच्या फांद्या असतात. खोडाच्या खालच्या भागातून निघून खोडासारख्याच सरळ वर जाणाऱ्या त्या गळफांद्या. यांवर थेट पाते लागत नाही. त्यांच्या वर, वेडीवाकडी वळणे घेत आडव्या पसरतात त्या फळफांद्या, आणि त्यांच्या प्रत्येक पेरावर पाते येते. लवकर येणाऱ्या वाणात पहिली फळफांदी खोडाच्या पाचव्या ते सातव्या पेरावरच निघते, गळफांद्या एखाद-दुसरी किंवा अजिबात नसतात आणि झाड आटोपशीर राहते. उशिराच्या वाणात तीन-चार गळफांद्या आधी पसारा मांडतात आणि मग फळाची पाळी येते. मराठवाड्यात ‘दादा लाड तंत्र’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत या गळफांद्या वेळीच काढून टाकण्यावर उभी आहे.

झाडाचे फुलणे संपत आले का, हे पाहण्याची एक सोपी खूण अमेरिका व ऑस्ट्रेलियातील कापूस उत्पादक वापरतात. खोडाजवळ पहिल्या जागेवर उमललेले सर्वांत वरचे पांढरे फूल शोधायचे आणि त्याच्या वर शेंड्यापर्यंत किती पेरे आहेत ते मोजायचे. बहराच्या सुरुवातीला ही संख्या आठ-नऊ असते. ती पाचवर आली की झाडाची ताकद लागलेली बोंडे भरण्यात गुंतली, त्यानंतर येणाऱ्या फुलांकडून फार अपेक्षा नको, असे समजतात. यासाठी यंत्र लागत नाही. शेतात दहा झाडे पाहिली तरी अंदाज येतो.

पाऊस गेल्यावर बोंड कशावर भरते?

महाराष्ट्रात साधारण ४० लाख हेक्टरवर कापूस असतो, क्षेत्रात राज्य देशात पहिले आहे. यातला बहुतांश कोरडवाहू. मान्सून विदर्भातून सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. त्यानंतर कपाशीला जे पाणी मिळते ते जमिनीने धरून ठेवलेले.

बोंडाचे पहिले तीन आठवडे आकार वाढण्यात आणि धागा लांब होण्यात जातात. त्यापुढच्या तीन-चार आठवड्यांत त्या धाग्याची भिंत भरते, कापसाला वजन आणि धाग्याला ताकद येते. १५ सप्टेंबरला उमललेल्या फुलाचे बोंड नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरत असते. भारी जमिनीत तोवर ओल असते. हलक्या जमिनीत पाऊस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती संपते, आणि मग बोंड अर्धवट फुटते, कापूस चिकटून राहतो, वेचताना हाताला कवडी लागते. अशा रानात १७० दिवसांचा वाण लावणे म्हणजे शेवटच्या महिन्याच्या फुलांचे पाणी आधीच संपलेले असणे. उलट ज्याची बहुतेक फुले सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येऊन गेली, तो वाण त्याच रानात भरलेली बोंडे देतो.

गुलाबी बोंडअळीचा आणि फुलांच्या तारखेचा काय संबंध?

गुलाबी बोंडअळी कपाशीवाचून फारशी जगत नाही. मादी पतंग पात्या-फुलांवर व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते, छिद्र बुजते आणि ती फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते. अळी आत असलेले फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखे दिसते. हीच डोमकळी. बोंडातली अळी तर बोंड फोडल्याशिवाय दिसत नाही.

तिची एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. म्हणून फुले-बोंडे महिनाभर जास्त उपलब्ध असणे म्हणजे तिला आणखी एक पिढी मिळणे, आणि प्रत्येक पिढीत संख्या कितीतरी पटींनी वाढते. सप्टेंबरमध्ये तुरळक दिसणारी अळी नोव्हेंबरच्या बोंडांत घर करून बसते ती यामुळे. थंडीच्या तोंडावर दिवस लहान होऊ लागले की तिच्यातल्या बऱ्याच अळ्या सुप्तावस्थेत जातात. सरकीत, न वेचलेल्या बोंडांत, धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, जिनिंगच्या कचऱ्यात त्या उन्हाळा काढतात. पाऊस पडला की पतंग बाहेर येतात. त्या वेळी शेतात पाती-फुले नसतील तर हे पतंग अंडी घालायला जागा न मिळताच मरतात. पण आसपास मे महिन्यात ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी जुलैच्या सुरुवातीला पात्यावर असेल, तर तिथे त्यांची पहिली पिढी पोसली जाते आणि पुढे साऱ्या शिवारात पसरते. शेतकऱ्यांना १ जूनआधी कापूस बियाणे विकू नये, अशा सूचना अलीकडच्या हंगामांत निघाल्या त्या यासाठीच. फरदड न घेण्याचा आग्रहही याच साखळीचे दुसरे टोक तोडण्यासाठी आहे.

बीटी तंत्रज्ञान असताना हे का व्हावे? भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये परवानगी मिळाली. पण झाडातील बीटी प्रथिनाचे प्रमाण वयानुसार घटत जाते. पहिल्या पिढीच्या बीटी वाणांत पेरणीनंतर ११० दिवसांच्या पुढे ते अळीला रोखण्यास अपुरे पडू लागते, असे नागपूरच्या संस्थेतील अभ्यासात आढळले होते. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातील सगळ्या सरक्यांत बीटी जनुक उतरत नाही. एका जनुकाच्या संकरित वाणात सुमारे पाव सरकी त्याविना असते. लांब चालणाऱ्या संकरित पिकात गुलाबी अळीला महिनोन्महिने सौम्य मात्रा मिळत राहिली आणि ती पचवणाऱ्या अळ्या टिकल्या. गुजरातेत बीटीच्या पहिल्या जनुकाला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्या आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, त्यानंतर काही वर्षांत दुसराही अडसर पडला.

२०१७ च्या हंगामाची दुसरी बाजू अधिक भीषण होती. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामागे अनेक कारणे होती. छातीच्या-डोक्याच्या उंचीला पोहोचलेल्या दाट कपाशीत फवारताना औषधाचा फवारा तोंडावर येणे हे त्यांतले एक.

कीड टाळण्यासाठी पीक लवकर आटोपण्याची युक्ती नवी नाही. मेक्सिकोतून आलेला बोंडभुंगा १८९२ च्या सुमारास अमेरिकेच्या टेक्सास राज्यात शिरला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही लवकर येणाऱ्या वाणांचीच कास धरली. ज्यांचे पीक लवकर करता आले नाही त्यांचे काय झाले, याचे उदाहरण ‘सी आयलंड’ हा अतिलांब धाग्याचा, दीर्घ मुदतीचा कापूस. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची त्याची शेती बोंडभुंग्याने १९२० च्या आसपास मोडीत काढली. गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याची घोषणा अमेरिकेने २०१८ मध्ये केली. त्या मोहिमेत बीटी कपाशी, नपुंसक केलेले पतंग आणि कामगंध यांच्या जोडीला पीक वेळेत उपटून गाडण्याची सक्तीही होती.

मग आपल्याकडे लांब मुदतीची कपाशी का रुजली?

जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी ‘एच-४’ सुरतच्या संशोधन केंद्रात तयार झाली, वर्ष १९७०. पुढे बीटी आले तेही जवळपास संपूर्णपणे संकरित वाणांतून. संकरित बियाणे महाग, म्हणून ते विरळ लावायचे. विरळ लावले की प्रत्येक झाडाकडून जास्त बोंडांची अपेक्षा, आणि जास्त बोंडांसाठी मोठा पसारा व जास्त दिवस. महागडे बी, रुंद अंतर आणि लांब हंगाम ही तिन्ही एकमेकांना धरून आहेत. त्यातले एक बदलून भागत नाही.

मजुरीचाही भाग आहे. वेचणी किलोवर दिली जाते, त्यामुळे मजुरांना पाच-सहा ग्रॅमचे मोठे बोंड हवे असते. आटोपशीर, लवकर येणाऱ्या अनेक वाणांचे बोंड लहान. गावात मजूर तुटवडा असेल तर बोंडाचा आकारच वाण ठरवतो, आणि बियाणे कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे.

सघन लागवडीने काय साधते?

एका झाडावर ऐंशी बोंडे हवीत की चार झाडांवर वीस-वीस, हा सघन पद्धतीचा मूळ प्रश्न आहे. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकरी सुमारे साडेसात हजार झाडे बसतात. ९० बाय १५ वर तीस हजार. झाडे चौपट असल्याने प्रत्येकाला पंधरा-वीस बोंडे पुरतात, आणि ती खालच्या आठ-दहा फळफांद्यांवर महिन्याभराच्या फुलोऱ्यात येऊन जातात. झाड फार वाढू नये म्हणून मेपिक्वाट क्लोराइडसारखे वाढरोधक वापरतात. केंद्र सरकारने २०२३-२४ पासून नागपूरच्या संस्थेमार्फत राबवलेल्या विशेष कापूस प्रकल्पात याची मोठ्या प्रमाणावर प्रात्यक्षिके झाली आणि अकोल्याचा परिसर त्यात आघाडीवर राहिला.

अडचण बियाण्यावरच येते. २०२४-२५ मध्ये बोलगार्ड-२ च्या पाकिटाचा कमाल दर ८६४ रुपये होता. झाडे चौपट म्हणजे पाकिटेही त्या पटीत. पेरून पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणी आली, तर हा खर्च दुप्पट. घरचे बी राखता येईल असे सरळ वाण इथे खरा फरक पाडू शकतात. सार्वजनिक संस्थांनी ‘रजत’, ‘सुरज’, ‘पीकेव्ही ०८१’ यांच्या बीटी आवृत्त्या तयार केल्या आहेत, पण कृषी सेवा केंद्राच्या फळीवर त्या क्वचित दिसतात. सल्ला कमी कालावधीच्या वाणाचा आणि पुरवठा महागड्या संकरित पाकिटांचा, ही विसंगती शेतकऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

लवकर येण्याचे तोटे कोणते?

ते आहेत, आणि सल्ला देताना सहसा गाळले जातात. लवकरच्या वाणाचा फुलोरा आखूड असतो. ऑगस्टच्या अखेरीस तीन आठवडे पावसाने ओढ दिली आणि त्याच वेळी पाती गळली, तर त्याच्याकडे भरपाईला दिवस उरत नाहीत. लांब मुदतीचे झाड सप्टेंबरच्या पावसावर दुसरा बहर धरते. कोरडवाहू शेतकरी लांब वाणाला चिकटून राहतो ते या विम्यापोटी.

दुसरा धोका परतीच्या पावसाचा. फुटलेली बोंडे ऑक्टोबरमध्ये भिजली तर कापूस काळवंडतो, सरकी बोंडातच उगवते. ओलाव्याचा फटका भावालाही बसतो. हमीभावाच्या खरेदीत भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण दर देते, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतला जात नाही. ऑक्टोबरमधला पहिला वेचा न वाळवता नेला की शेतकरी नेमका इथे अडतो. त्यात याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. दोन्ही पिकांना मजूर एकदम लागतात, दिवाळीही तोंडावर असते, आणि लवकर फुटलेला कापूस झाडावरच लोंबत राहतो.

वाण निवडताना काय विचारावे?

हलक्या ते मध्यम कोरडवाहू जमिनीत १४० ते १५० दिवसांच्या आतला वाण जवळजवळ नेहमीच फायद्याचा. भारी जमीन आणि एखाद-दोन संरक्षित पाण्याची सोय असेल तर १६० दिवसांपर्यंत जाता येते. त्यापुढचा महिना मुख्यतः बोंडअळीच्या वाट्याला जातो. विक्रेत्याला दिवस विचारण्याबरोबरच पहिली फळफांदी कितव्या पेरावर येते, गळफांद्या किती, बोंडाचे वजन किती आणि आपल्यासारख्या जमिनीत गावात कोणी लावला होता, हे विचारलेले बरे. पहिल्या दोन वेचण्यांत किती कापूस आला, हे त्या शेतकऱ्याकडूनच कळू शकते.

पेरणीनंतर फुलोऱ्याच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी दिसली, तर उपायांची वेळ झाली असे धरतात. निरीक्षणासाठी वीसेक हिरवी बोंडे फोडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग, कारण बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या बोंडातच ती असते.

पाऊस लांबला आणि पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पहिले फूल सप्टेंबरच्या मध्यावर आणि बहर ऑक्टोबरमध्ये येतो. तोवर पाऊस परतलेला असतो, रात्री गार होऊ लागतात आणि बोंड फुटायला ५० ऐवजी ६० किंवा त्याहून अधिक दिवस घेते. त्या तारखेला घरात लांब मुदतीच्या वाणाचे पाकीट पडून असले, तरी ते बदलून आखूड मुदतीचा वाण घ्यावा किंवा त्या रानात तुरीसारख्या पिकाचा विचार करावा, असे कृषितज्ज्ञ सुचवतात.